देवचाराने बांध सोडला

बाईंनी मला खोली देण्याआधी माझी तोंडी परीक्षा घेतली.

मी सावंतवाडीकडचा, नुकताच बी.एस्सी. होऊन पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायला लागलो होतो. चोपड्याला नदीकाठी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून गेलो. भाडं, पाणी, न्हाणीघर असे प्रश्न मनात मांडून ठेवले होते. बाईंनी सोप्यावर बसवलं, हातात चहा दिला आणि विचारलं, "शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंत?"

मी म्हटलं, "बीजगणित."

"ते पुस्तक नव्हे, ते काम," बाई म्हणाल्या. "राहा तुम्ही. पण इथे राहायचं तर वाचावं लागेल."

म्हणजे काय वाचावं लागेल, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

बाई ठेंगण्या होत्या, चष्मा जाड होता, आणि बारा महिने हातात छत्री. छत्री त्या नेहमी उलटी धरत, टोक हातात आणि मूठ पुढे. कारण मुठीचा आकडा माणसं अडकवायला उपयोगी पडतो. रस्त्याने जाणाऱ्याच्या दंडाला मागून आकडा घालून त्याला थांबवायचं ही त्यांची हाक मारण्याची पद्धत. चोपड्यात चाळिशीच्या आतला असा माणूस नव्हता ज्याने बाईंच्या हाताखाली मुळाक्षरं गिरवली नव्हती, त्यामुळे आकडा पडला की लोक निमूट उभे राहायचे.

आणि बाईंचा एक नेम होता. उत्तर म्हणून सांगायचं नाही. सांगितलेलं उत्तर सांगणाऱ्याचंच राहतं, असं त्यांचं मत. शाळेत हे ठीक होतं, पण बाई निवृत्त झाल्या तरी नेम काही निवृत्त झाला नाही. पहिल्याच आठवड्यात मी घाईघाईने विचारलं, "बाई, शिवोलीला जायची फेरीबोट कधी सुटेल?" बाई शांतपणे सुपारी कातरत म्हणाल्या, "बोट ह्या काठाला आहे की त्या? धक्क्यावर गाड्या किती? भरती आहे की ओहोटी? गणितवाले ना तुम्ही, मांडा." मी गणित मांडेपर्यंत बोट सुटली.

मी राहायला गेलो त्याच वर्षी बाईंची कादंबरी छापून आली. पदरमोड करून त्यांनी ती म्हापशाच्या छापखान्यातून काढली होती. नाव 'होडीखालच्या आसरा', जाडी विटेएवढी. आसरा म्हणजे पाण्यातल्या पऱ्या. आमच्याकडे विहिरीत, तळ्यात, नदीच्या डोहात ह्या सात बहिणी राहतात असं मानतात. बाईंच्या कादंबरीतला काळ पोर्तुगीज नदीपलीकडे बार्देशात देवळं पाडत होते तेव्हाचा. एका गावची माणसं आपली देवी कांबळ्यात गुंडाळून होडीत घालतात आणि नदीपार पेडण्यात आणायला निघतात. मध्येच धुकं पडतं, होडी वाट चुकते, पाठीमागे शिपाई लागतात. तेव्हा साती आसरा पाण्याखालून होडी खांद्यावर घेतात.

बाईंनी घरोघर जाऊन पुस्तक फुकट वाटलं. लोक खूश झाले. आठ दिवसांनी बाई पुन्हा घरोघर गेल्या, तोंडी परीक्षा घ्यायला, तेव्हा लोकांना कळलं की ते फुकट नव्हतं.

वाचकांचा अभिप्राय घ्यायची ही पद्धत मी पुढे कुठे पाहिली नाही. बाई अभिप्राय ऐकत आणि त्याला शंभरापैकी गुण देत. 'छान आहे' म्हणणाऱ्याला वीस. 'फार छान आहे' म्हणणाऱ्याला दहा, कारण तो जास्त खोटं बोलला. मी म्हटलं, "बाई, भाषा ओघवती आहे." बाईंनी विचारलं, "कुठल्या पानावर?" मला अडतीस मिळाले.

लोक घरी सापडेनात तेव्हा बाईंनी परीक्षाकेंद्र फेरीबोटीवर हलवलं. काही काम नसताना त्या बोटीत चढायच्या आणि पलीकडे जाऊन परत यायच्या. "मधे नदी आहे. पळतील कुठे?" मी स्वतः पाहिलंय, बाई धक्क्यावर दिसताच एक दणकट ट्रकड्रायव्हर केबिनच्या खिडकीची काच वर करून, डोळे मिटून झोपल्याचं सोंग करत होता. बाईंनी छत्रीच्या मुठीने काच ठोकली आणि विचारलं, "थोरल्या आसराचं नाव काय?"

तशी मतं वेगवेगळी पडली, हे कबूल करायला हवं. शेजारच्या म्हातारीने, तिला सगळे आवय म्हणजे आई म्हणत, पुस्तक उशाखाली ठेवलं होतं. "वाचूक माका खंय येता? पण भियेवची सपना पडनत नाय आता. झोप बरी लागता." बाईंनी थोडा विचार करून तिला पन्नास दिले. म्हणाल्या, पुस्तकाचा उपयोग तरी केला.

शिवोलीहून सायकलवर पाव घेऊन येणारा पास्कू पदेर, त्याला मराठी वाचता येत नव्हतं. पण दारोदार पाव देताना त्याने अर्धी कादंबरी ऐकली होती, आणि त्याच्या मनाला लागलं होतं.

"बाय, तुज्या बुकांत सगळे पाद्री वायटच?" त्याने एकदा पाव मोजता मोजता विचारलं.

"एक बरो आसा," बाई म्हणाल्या. "शिपायांक चुकीची वाट दाखयता."

पास्कूचा चेहरा उजळला. "आनी मागीर?"

उत्तर सांगायचं नाही हा नेम. बाई पाव मोजून घेऊ लागल्या. पास्कूने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खिन्न होऊन म्हणाला, "मरता न्ही तो?"

म्हापशाहून इतिहासाचे एक प्राध्यापक मुद्दाम आले. होडीने देवी नदीपार आणल्याचा आधार आहे, पण आसरांचा कुठेही पुरावा मिळत नाही, असं त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, "होडी कोणी ढकलली ह्याचा तुमच्याकडे पुरावा आहे?" नव्हता. "मग तुमचीही कल्पनाच. माझ्यात नावं तरी दिली आहेत." त्यांना पंचावन्न मिळाले आणि उकड्या तांदळाचा भात व बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, जेवून ते परत गेले.

खरा गोंधळ भाषेवरून झाला. ते दिवसच तसे होते. कोकणी की मराठी, ह्यावरून घराघरांत भांडणं लागली होती, रस्त्यावर माडांचे ओंडके आडवे पडायचे, आणि घटकराज्य होणार, होणार म्हणून प्रत्येक जण आपापला झेंडा सावरून बसला होता. बाईंच्या आसरा एकमेकींशी कोकणी बोलायच्या आणि माणसांशी मराठी. कोकणीवाल्यांची पोरं येऊन म्हणाली, माणसांसमोर आसरांना कोकणीची लाज वाटते असं तुम्ही दाखवलंत. मराठीवाल्यांची पोरं येऊन म्हणाली, देवकुळातल्या स्त्रियांच्या तोंडी तुम्ही बोली घातलीत. दोन्हीकडची पोरं एकाच दिवशी एकाच सोप्यावर आली आणि दोघांनाही बाईंनी एकाच ताटातले लाडू दिले.

"तू घरी आवयशी कुठल्या भाषेत उलयतस?" त्यांनी मराठीवाल्याला विचारलं. त्याने लाडू तोंडात घातला. "आणि तू आमंत्रणाची पत्रिका कशात छापतोस?" त्यांनी कोकणीवाल्याला विचारलं. त्यानेही लाडू तोंडात घातला. "मग? पाण्यातली बाई आपल्यापेक्षा वेगळी कशी वागेल?" दोघांना प्रत्येकी तीस मिळाले, आणि आपण एकाच यत्तेत नापास झालो ह्या दुःखात ते एकत्रच घरी गेले.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग श्रावण पुनवेच्या उधाणाला बांध फुटला.

चोपड्याची नदीकाठची शेतं भरतीच्या पाण्याच्या खालच्या पातळीवर आहेत. नदी आणि भात ह्यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. हा बांध गावकरी बांधतात, आणि राखतो देवचार. देवचार म्हणजे जागेचा राखणदार. खांद्यावर कांबळं, हातात दिवटी आणि काठी घेऊन तो बांधावरून फिरतो. त्याचा दगड बांधावरच एका करंजाखाली आहे. तिथे त्याला नारळ, रोट आणि विडी ठेवतात. माणसांनी बांध कितीही नीट लिंपला तरी शेवटी देवचार उभा आहे म्हणून भात उभं आहे, ह्याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. मलाही दोन वर्षांत राहिली नव्हती.

आणि बाईंच्या कादंबरीत देवचार बांध सोडतो.

सगळ्यात धाकटी आसरा बांधापाशी येते आणि त्याला म्हणते, होडी धुक्यात वाट चुकली आहे, तुझी दिवटी दे. आणि तो पाण्यात पाय टाकतो. तिथे प्रकरण संपतं. गावातल्या बऱ्याच जणांचं वाचनही तिथेच संपलं होतं.

खारं पाणी पोटरीला आलेल्या भातात शिरलं आणि दुपारपर्यंत गावाला कारण सापडलं. एक जण म्हणाला, देवचार रागावला. दुसरा म्हणाला, तो रागावलो नाय, शिकलो. "इतकी वर्सां बिचारो हयच उभो होतो. बांद सोडून जावक मेळता ह्या तेका ठावकच नाय होता. बाईंनी पुस्तकात बरयला, आनी तेच्या कानार गेला."

दगडमाती घालून भगदाड बुजवलं, पण गाऱ्हाणं घालायला हवं होतं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाने राखणदारापुढे उभं राहून बोलायचं. गुणाजीकाका हे मानकरी, त्यांनी एकेक वाक्य म्हणायचं आणि गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला होकार द्यायचा. होकार पडला नाही तर ते वाक्य देवचाराला पोचत नाही, असा रिवाज. गावकऱ्यांची बैठक बसली आणि गाऱ्हाण्यात काय म्हणायचं ते ठरलं. बाईंनी लिहिलं ते सगळं फट, म्हणजे खोटं. तू बांध कधी सोडला नाहीस, सोडणार नाहीस. आणि हे म्हणताना बाईंनी दगडासमोर उभं राहायचं.

गुणाजीकाका निरोप घेऊन आले. काका बाईंचे विद्यार्थी नव्हते, बाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठे होते, तरी सोप्याच्या पायरीवर अवघडून बसले. "बाईनू, माका वायट दिसता. पण लोकांच्या भाताचो प्रस्न आसा."

बाईंनी त्यांना चहा पाजून पाठवलं. काका गेल्यावर मी चिडून म्हटलं, "बाई, पुढे काय होतं ते सांगून टाका ना! दोन प्रकरणं पुढे सगळं लिहिलेलं आहे." अडतीस गुणांच्या अपमानानंतर मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं.

"आता सांगितलं तर म्हणतील, निसटायला रचते आहे. आणि मी का सांगू? पान उलटायला काय हात दुखत होते ह्यांचे?" बाईंचा आवाज एकदम चिरला. तसा मी तो कधी ऐकला नव्हता. "आयुष्यभर ह्यांना सांगितलं, खोटं बोलू नका. आता ह्यांच्याचसमोर मी उभी राहायचं, आणि हे म्हणणार, आमची बाई खोटारडी. आणि मी मान हलवायची."

"मग जाऊ नका."

"गेले नाही तर गाऱ्हाणं अपुरं राहील. भात गेलं तर उद्या पोरांच्या ताटात माझं पुस्तक वाढणार आहेत का?" त्या उठल्या, आणि न वाजवता कपबश्या आत नेल्या. मला बाईंचं इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काकांना उलट निरोप पाठवला. येते. पण अपराध काय तो ऐकीव नको, पुस्तकातून देवचारापुढे वाचला जावा. काकांना ते पटलं. "बरोबर आसा. गुन्याव खंयचो तां तेका कळाक होया." वाचायचं कुणी? बाई आरोपी, गाव फिर्यादी. मग भायलो मनीस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून मास्तरांना, म्हणजे मला, पुढे केलं.

ओहोटी पुरी झाल्यावर दुपारी सगळे बांधावर जमलो. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. भाषेवरून भांडणारी दोन्हीकडची पोरं होती. पास्कू पदेर परतीच्या वाटेवर होता, तोही सायकल लावून उभा राहिला. काकांनी नारळ ठेवला, रोट ठेवला, विडी पेटवून दगडावर ठेवली. बाई दगडापासून दोन पावलांवर, छत्री आज सुलटी धरून. दोन वर्षांत प्रथमच मी त्यांची छत्री सुलटी पाहिली.

मी वाचायला लागलो. देवचार बांधावर फिरतो आहे. धाकटी आसरा बांधापलीकडच्या खाजणात, खाऱ्या चिखलात, उगवते. ती त्याला दिवटी मागते, तो म्हणतो दिवटी माझ्या हातून सुटत नाही, हवी तर मीच यायला हवं, आणि मी आलो तर बांध कोण राखणार? ती काही बोलते, ते वाऱ्यावर जातं, आपल्याला ऐकू येत नाही. आणि देवचार पाण्यात पाय टाकतो. मी पुस्तक मिटलं.

मग बायकांतून एक आवाज आला, "मगे?"

"एवढोच अपराध," काका म्हणाले.

"अपराध कळलो. पण तां आसरा काय म्हणाला तेका?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. स्वतःला ऐकायचं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "वाचा मास्तरानू," ते म्हणाले. "अर्धां सांगून तेका कशाक टांगतां ठेवचां?"

मी पुढे वाचलं. धुक्यात दिवटी दिसते, सहा बहिणींच्या खांद्यावर होडी तिच्यामागून चालते, बरा पाद्री शिपायांना चुकीची वाट दाखवतो (पास्कूने टोपी काढली), आणि देवी काठाला लागते. देवचार धावत बांधाकडे परत येतो, आता शेत बुडालं असणार म्हणून. तोवर इकडे भरती चढायला लागली होती. बांधाच्या बाहेरच्या अंगाला पाणी चुळचुळत वर येत होतं, आणि लोक वाकून वाकून एकदा पाण्याकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वाचलं:

'बांध कोरडा होता. त्याच्या बाहेरच्या कडेने, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, धाकटी आसरा आडवी पडली होती. रात्रभर तिच्या पाठीवर तिच्याच माहेरचं पाणी धडका देत होतं. तो म्हणाला, "ऊठ, मी आलो." ती म्हणाली, "आधी तू उभा राहा. मग मी उठते."'

म्हातारी आवय पदराने डोळे पुसत होती. तेवढ्यात पाणी बांधाच्या पायरीला लागलं आणि काकांना भान आलं. गाऱ्हाणं भरती पुरी व्हायच्या आत घालायला हवं. ते घाईने दगडासमोर गेले, हात जोडले आणि गावाने ठरवून दिलेले शब्द सुरू केले.

"हे देवा म्हाराजा! ह्या बांदाचो तू राखणदार म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा बांध गरजला.

"ह्या तुज्या लेकरांनी नारळ दिलो हा, रोट दिलो हा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या आमच्या बाईंनी पुस्तकात जां काय बरयला, तां सगळां फट म्हाराजा!"

कुणी काही बोललं नाही.

काकांना वाटलं, वाऱ्यामुळे ऐकू गेलं नाही. त्यांनी घसा खाकरून मोठ्याने म्हटलं, "तां सगळां फट म्हाराजा!"

पुरुष पायांकडे बघत होते. बायका पाण्याकडे बघत होत्या. पास्कू, जो इतका वेळ भिडेखातर सगळ्यांच्या मागून व्हय व्हय म्हणत होता, त्यानेही तोंड घट्ट मिटलं. बाई मान खाली घालून उभ्या होत्या आणि त्यांनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

गुणाजीकाकांनी मागे वळून सगळ्या गावाकडे एकदा नीट पाहिलं. मग पुन्हा दगडाकडे तोंड केलं, आणि कुणीही ठरवून न दिलेलं बोलले.

"तर म्हाराजा, खरां काय नी फट काय, तां तुका ठावक आनी त्या धाकट्या आसराक ठावक. एकलो उभो रवान तू दमलस आसशीत, तर घटकाभर तेका उभां कर. बांद राख, भात राख, आनी ह्या आमच्या बाईक सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो आवाज नदीपार शिवोलीच्या धक्क्यापर्यंत गेला असेल. तो विरल्यावर, सगळ्यांनंतर, बारीक आवाजात बाई एकट्याच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."